त्याला झाला, ह्यांना का नाही?

"आमचे आजोबा बघ, आयुष्यभर विड्या ओढल्या, काय झालं त्यांना?" हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं, पानटपरीवर म्हटलेलं असतं, ऑफिसखाली चहाच्या गाडीपाशी म्हटलेलं असतं, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो हे आधी मान्य करायला हवं. असे आजोबा खरंच असतात. आमच्याकडेपण होते. माझ्या आईचे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, सिन्नरकडचे, म्हणजे ज्या भागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या तिथलेच, त्यामुळे विडी घरात असणं त्यांना पाणी घरात असण्याइतकं साधं वाटायचं. सकाळी चहाच्या आधी पहिली, मग दिवसभर चालूच, रात्री अंगणात खाटेवर शेवटची. ऐंशी पार करून गेले, म्हातारपणाने गेले, आणि शेवटपर्यंत भाकरी स्वतःच्या दातांनी चावून खात होते.

आणि त्यांचाच मुलगा, माझा मामा. त्याने विडीला कधी हात लावला नाही, सिगरेट ओढायचा, तीही दिवसाला चार-पाच, जेवण झालं की आणि चहाबरोबर. दारू नाही, तंबाखू मळणं नाही, मावा नाही. त्याच्या जिभेच्या उजव्या कडेला एक छोटा व्रण आला जो बराच होईना. दाताची धार लागत असेल म्हणून दात घासून घेतला, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, मेडिकलवाल्याने दिलेलं जेल लावून झालं, आणि यात बरेच महिने गेले. दुखत नव्हतं ना, हेच वाईट झालं, दुखलं असतं तर लवकर दाखवलं असतं. बायोप्सी झाली, जिभेचा कॅन्सर निघाला, तेव्हा मामा पंचेचाळिशीच्या आत होता. जिभेचा अर्धा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं, तो परत बोलायला शिकला, आम्हाला कळेल असं बोलायला लागला, आणि मग ते परत आलं आणि मामा गेला.

घरी लोक भेटायला येत होते तेव्हा मामी मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "अगं, ह्यांनी असं काय जास्त केलं होतं? नाना तर बंडलच्या बंडल ओढायचे." बाहेर तोवर एक पाहुणे हळू आवाजात सांगत होते की तो घरच्यांना चोरून तंबाखू खात असणार, त्याशिवाय नाही होत. म्हणजे एवढ्याशा सिगरेटींनी एवढं होणं लोकांना पटत नव्हतं आणि म्हणून मेलेल्या माणसाच्या नावावर आणखी तंबाखू चढवली जात होती. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि तो राग अजून आहे, हा लेख त्यातूनच लिहितेय असं समजा.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. डॉक्टर नाही, संशोधक नाही, पण पेपर वाचता येतात, आणि मामीच्या प्रश्नाचं उत्तर कुठेतरी असलं पाहिजे असं वाटलं म्हणून मी वाचत गेले.

सुरुवात धुरापासून करते. तंबाखूच्या धुरात सात हजारांच्या वर रसायनं असतात, त्यातली सत्तरएक कॅन्सर करणारी म्हणून माहीत आहेत. त्यातलं एक नाव वारंवार येतं, बेन्झोपायरीन. आता गंमत म्हणजे, गंमत म्हणू नये खरं तर, पण हे बेन्झोपायरीन जसं आत जातं तसंच राहिलं तर ते डीएनएला फारसं काही करत नाही. ते तेलात विरघळणारं आहे, पाण्यात नाही, त्यामुळे शरीराला ते लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. मग पेशी त्याच्यावर काम करते. पहिल्या टप्प्यात सीवायपी१ए१ नावाचं एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतं, म्हणजे पुढे त्याला काहीतरी चिकटवून बाहेर काढता यावं. आणि नेमका इथे घात होतो, कारण या मधल्या अवस्थेतला रेणू मूळ रेणूपेक्षा कितीतरी जास्त चिकट आणि आक्रमक असतो, तो जाऊन डीएनएमधल्या "जी" (ग्वानिन) या अक्षरालाच बसतो. दुसऱ्या टप्प्यातलं एन्झाइम वेळेवर आलं तर ते या रेणूला ग्लुटाथायोन नावाचा शरीरातलाच एक छोटा रेणू चिकटवून निरुपद्रवी करतं आणि मग तो बाहेर जातो. त्या दुसऱ्या टप्प्यातल्या एन्झाइमांपैकी एक म्हणजे जीएसटीएम१.

वर्गात मी हे घंटागाडीवरून सांगते. पहिल्या माणसाने घरोघरचा कचरा काढून गल्लीत आणून ओतला, सुटा, उघडा, आणि मागून घंटागाडी येऊन तो उचलणार आहे. गाडी रोज आली तर गल्ली साफ. पण कचरा ओतणारा फार उत्साही आणि गाडी येतच नाही, असं झालं तर तो कचरा बंद घरात होता तेव्हापेक्षा जास्त त्रास देणार.

आता माणसामाणसातला फरक इथे येतो. सीवायपी१ए१ जीनचे काही प्रकार असे आहेत की ज्यात हे पहिलं एन्झाइम जास्त जोरात काम करतं. आणि जीएसटीएम१ च्या बाबतीत तर असं आहे की जगातल्या कितीतरी लोकांमध्ये हा जीन नाहीच. म्हणजे बिघडलेला वगैरे नाही, पहिल्या क्रोमोसोमवरचा तो तुकडाच गायब. युरोपियन वंशाच्या जवळजवळ निम्म्या लोकांमध्ये दोन्ही कॉपी नसतात, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे, साधारण चारातल्या एकापासून तिनातल्या एकापर्यंत. हे लोक अगदी नॉर्मल असतात. जेवतात, पळतात, म्हातारे होतात, त्यांना कधी कळतही नाही, कारण शरीरात इतर एन्झाइमंपण आहेत आणि रोजच्या आयुष्यात तेवढ्यावर निभतं. निभत नाही ते धूर आत यायला लागल्यावर.

हे वाचलं तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर नाना आणि आजीचा तक्ता काढला, बारावीला काढायला लावते तसाच. समजा नानांकडे जीएसटीएम१ ची एक कॉपी होती, एक नव्हती. एक असली तरी एन्झाइम तयार होतं, काम चालतं. आजीकडेपण समजा एक होती, एक नव्हती. आजीने आयुष्यात विडी ओढली नाही त्यामुळे तिच्या बाबतीत काही कळायचा प्रश्नच आला नाही. मग त्यांच्या चार मुलांमागे एकाच्या वाट्याला दोन्हीकडून रिकामी जागा यायची शक्यता आहे. आईबापांकडे दोघांकडे आहे, आणि मुलाकडे मात्र अजिबात नाही. म्हणजे "बापाला झालं नाही, मुलाला कसं होईल" याला बायोलॉजीत काही आधारच नाही. मामाची अशी टेस्ट कधी झाली नाही, त्यामुळे त्याच्यात हेच होतं असं मी म्हणत नाहीये, पण नाना वाचले आणि मामा गेला हे एकाच घरात शक्य आहे हे त्या तक्त्यावरून मामीला दाखवता आलं.

आणि आता जो भाग वाचून मला खरा धक्का बसला तो सांगते. १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटवर काही अभ्यास झाले, त्यात सीवायपी१ए१ चा जोरात काम करणारा प्रकार आणि जीएसटीएम१ गायब असं दोन्ही असलेले लोक वेगळे काढून बघितले. आपल्याला वाटेल की हे लोक भरपूर ओढल्यावर जास्त आजारी पडत असतील. पण त्यांच्यात वेगळं दिसलं ते हे, की त्यांना कमी सिगरेटींवर कॅन्सर झाला होता. म्हणजे जीनचा फरक सगळ्यात ठळक दिसत होता तो कमी ओढणाऱ्यांमध्ये. विचार केला तर हे बरोबरच आहे, कारण दिवसाला दोन पाकिटं ओढणाऱ्याच्या तोंडात इतकं विष जातं की चांगल्यातलं चांगलं एन्झाइमपण पुरं पडत नाही, तिथे सगळ्यांचीच सारखी वाट लागते. पण चार-पाच सिगरेटी असतील तर एकाचं शरीर ते साफ करून टाकतं आणि दुसऱ्याचं नाही.

"मी काय, दिवसाला दोन-तीनच ओढतो" असं म्हणणारा प्रत्येक जण हे धरून चालतो की तो पहिल्या प्रकारातला आहे. ते त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. मामालापण कोणी सांगितलं नव्हतं.

मुंबईतपण यावर काम झालंय. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये जीएसटीएम१ तपासला आणि तो नसलेल्यांमध्ये जोखीम वाढलेली दिसली. त्याच संस्थेतून आज खारघरला असलेलं कॅन्सर संशोधन केंद्र अॅक्ट्रेक उभं राहिलं. २०१६ मध्ये युरोप आणि अमेरिका खंडांतल्या सहा हजारांवर पेशंटचा सगळा जीनोम चाळून एक मोठा अभ्यास आला, त्यात पाचव्या क्रोमोसोमवरची टेलोमरेजच्या जीनजवळची जागा पुढे आली, टेलोमरेज म्हणजे क्रोमोसोमची टोकं शाबूत ठेवणारं एन्झाइम. नंतर टाटा मेमोरियलच्या लोकांनी आपल्याकडच्या गालाच्या कॅन्सरचे दोन हजारांवर पेशंट घेऊन तसंच काम केलं, आणि त्यात असं दिसलं की तंबाखू खाणाऱ्यांमध्ये ज्यांची जेनेटिक जोखीम जास्त आहे त्यांना हा कॅन्सर साधारण दहा वर्षं आधी गाठतो. दहा वर्षं म्हणजे मुलगी कॉलेजला जाताना बाप असणं आणि नसणं एवढा फरक.

पण इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायचीय, कारण हे अर्धवट वाचलं की लोक उलटाच अर्थ काढतात. या एकेका जीनमुळे होणारी वाढ लहान असते. दीडपट, कधी त्याहूनही कमी, काही अभ्यासांत जास्त. तंबाखूचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा. आपल्याकडच्या अभ्यासांची बेरीज करून २००३ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात विडी ओढणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरची जोखीम न ओढणाऱ्यांच्या साधारण तिप्पट होती. १९८८ मधल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात रोज दोन पाकिटं आणि वर चार ड्रिंक्सपेक्षा जास्त दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरची जोखीम पस्तीस पट निघाली होती. नुसत्या जीनमुळे, तंबाखू नसताना, तोंडाचा कॅन्सर शेकडो पटींनी वाढतो अशी उदाहरणं आहेत, उदाहरणार्थ फॅन्कोनी अॅनिमिया, ज्यात डीएनएची दुरुस्तीच नीट होत नाही, पण तो अतिशय दुर्मिळ आजार आहे. बाकी आपण सगळे जे साधे जीन्स घेऊन फिरतो त्यांना कॅन्सर करायला काहीतरी हातात द्यावं लागतं. तंबाखू दिलीच नाही तर जीएसटीएम१ असो वा नसो, तोंडाच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

आणि जीनचं नाव पुढे करून तंबाखूला सोडवायचा प्रयत्न आज होतोय असं नाही, तो फार जुना आहे आणि ज्याने केला तो कोणी साधासुधा माणूस नव्हता. रोनाल्ड फिशर. आमच्या विषयात जेनेटिक्स आणि स्टॅटिस्टिक्स जोडणारा माणूस, आज कुठलाही प्रयोग करताना ज्या पद्धती वापरतात त्यातल्या कितीतरी त्याच्या, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्येही तो येऊन राहिलेला. १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला, आणि १९५७-५८ मध्ये फिशरने जाहीर पत्रं लिहून सांगितलं की थांबा, असंही असू शकतं की एखादा जीनच माणसाला सिगरेटकडे ओढतो आणि तोच जीन कॅन्सरपण देतो, सिगरेटचा दोष नसेलही. पुरावा म्हणून त्याने जुळ्यांचे आकडे दिले, एकसारख्या जुळ्यांच्या ओढायच्या सवयी जास्त मिळत्याजुळत्या असतात असे. फिशर स्वतः पाइप ओढायचा, आणि ब्रिटनच्या तंबाखू उत्पादकांच्या कमिटीचा सल्लागारही होता. १९६२ मध्ये तो गेला.

त्याने मांडलेला प्रश्न चुकीचा नव्हता, हे मी मनापासून म्हणतेय. प्रश्न तपासण्यासारखा होता आणि तो तपासला गेला. फिनलंडमध्ये जुळ्यांच्या अशा जोड्या शोधल्या ज्यात एक ओढतो आणि दुसरा ओढत नाही. एकसारखे जुळे, म्हणजे जीन्स तेच, घर तेच, आई तीच. १९८९ मध्ये त्याचे बारा वर्षांचे निकाल आले आणि ज्या जोड्यांत मृत्यू झाला होता त्यातल्या बहुतेकांत ओढणारा आधी गेला होता. मला वाटतं तंबाखूबद्दल याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही. जीन सारखे ठेवले तरी धूर मारतो. आणि धूर सारखा ठेवला तर जीन ठरवतो की कोणाला आधी.

फिशरच्या म्हणण्यातलं एक टोक मात्र खरं निघालं. ओढायची ओढ यात जीनचा हात असतो. २००८ मध्ये पंधराव्या क्रोमोसोमवरची एक जागा सापडली, निकोटिन मेंदूत ज्या रिसेप्टरला बसतं त्याच्या जीनची, तिथला एक प्रकार असलेले लोक दिवसाला जास्त सिगरेटी ओढतात. सीवायपी२ए६ नावाचं दुसरं एक एन्झाइम निकोटिन फोडतं, ते ज्यांच्यात हळू काम करतं त्यांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकतं, त्यामुळे ते कमी ओढतात आणि त्यांना सोडणंही तुलनेने सोपं जातं. म्हणून एखादा मित्र एका सोमवारी ठरवून सोडतो आणि दुसरा दहा वेळा सोडून दहा वेळा परत टपरीवर जातो, तेव्हा दुसऱ्याला "तुझ्यात विल पॉवरच नाही" म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे. त्याला जास्त मदत लागते, औषध लागतं, निकोटिन गम लागतं, कोणीतरी पाठीशी लागतं, आणि ती मदत मागण्यात कसली लाज?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते, कारण सिगरेट-विडीवर एवढं बोलून झालं तरी आपल्याकडचं मुख्य दुखणं दुसरंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मिश्री. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, आणि कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंती बघून बंदीचं काय झालं ते कळतं. सुपारी तर कोणी तंबाखूत धरतच नाही, पण सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते हे आंतरराष्ट्रीय पातळीवर २००४ मध्येच ठरलंय. सुपारीने आधी तोंडाची आतली त्वचा कडक होते, तोंड उघडायचं कमी होत जातं, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दाखवायला हवं. तिखट लागलं की आग होते म्हणून वर्षानुवर्षं तिखट न खाणारे लोक मी पाहिलेत, आणि त्याचं कारण तोंडात शोधायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

शरद पवारांनी स्वतःला या सवयीची काय किंमत मोजावी लागली ते जाहीर कार्यक्रमांत सांगितलंय. आर. आर. आबा गेले २०१५ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी. तेव्हा तासगावपासून गडचिरोलीपर्यंत लोक रडले होते. देशभरात वर्षाला एक लाख चाळीस हजारांच्या वर लोकांना ओठाचा-तोंडाचा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास लोक त्याने जातात, हे २०२२ चे जागतिक अंदाज आहेत. परळला टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर एकदा सकाळी जाऊन बघा. नाकात नळी, गालाला पट्टी, हातात फाइल, आणि बरोबरची बायको किंवा भाऊ पिशवीतून दुधाची बाटली काढून नळीतून सावकाश सोडतोय. जळगाव, बीड, पार गोरखपूर, सगळीकडची माणसं. त्यांच्यात कोणी किती खाल्ली याचा हिशोब मांडत बसावंसं तिथे उभं राहून कोणालाही वाटणार नाही.

मग जीन तपासून घ्यायची का? मला हे बऱ्याच जणांनी विचारलं, कारण आता थुंकी पाठवली की घरी रिपोर्ट येतो अशा टेस्ट मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की तोंडाच्या कॅन्सरसाठी ओढणाऱ्याने ही टेस्ट करू नये. रिपोर्टमध्ये जोखीम जास्त आली तर सांगणार काय, तंबाखू सोडा. कमी आली तर? तरी तंबाखू सोडाच, कारण दोन-चार जीन चांगले निघाले म्हणून बाकीचे शेकडो चांगले आहेत असं होत नाही, दुरुस्ती करणारे जीन वेगळे, पेशीला मरायला लावणारे वेगळे. आणि खरा धोका हा की कमी जोखमीचा कागद हातात असलेला माणूस तो कागद पाकिटात ठेवून आणखी वीस वर्षं ओढेल. पैसे खर्च करून विकत घेतलेले नाना म्हणजे तो रिपोर्ट.

त्यापेक्षा तोंड बघा. केरळात तिरुवनंतपुरमजवळ एक मोठी चाचणी झाली, त्यात प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन नुसतं टॉर्चने तोंड तपासायचे, काही मशीन नाही. २००५ मध्ये निकाल आले, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आणि त्याच्याही आधी, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डेंटल युनिटमधल्या डॉ. फली मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या टीमने आपल्या पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाच्या वर गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. याच टीमने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत छत्तीस हजार तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगून दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. श्रीकाकुलममध्ये बायका चुट्टा, म्हणजे तंबाखूची जाड चिरूट, ओढतात, जळतं टोक तोंडाच्या आत धरून, त्यामुळे तिथे कॅन्सर टाळूला होतो. ज्यांनी सोडली किंवा कमी केली त्यांच्यात तोंडातले पांढरे चट्टे कमी झाले. छत्तीस हजार लोकांमध्ये सगळ्या प्रकारचे जीन असणार, चांगले-वाईट, आणि कोणाचाही जीन न तपासता हा फायदा झाला. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कोणाला ही नावं माहीतसुद्धा नसतात.

बघायचं कसं ते सांगते, दोन मिनिटांचं काम आहे. खिडकीपाशी आरसा घेऊन उभं राहायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा. गाल बोटाने बाहेर ओढून आतून बघायचा, वरच्या-खालच्या हिरडीपर्यंत. जीभ बाहेर काढून रुमालात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायची, कडा मागपर्यंत दिसल्या पाहिजेत, मामाचा व्रण तिथेच होता. मग जीभ वर टाळूला लावून खालची जागा. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, त्याहून जास्त काळजीचा म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा, हाताला लागणारी कडक गाठ, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण, दुखो न दुखो. यातलं काही दिसलं तर जेल लावत बसायचं नाही, डेंटिस्टकडे किंवा ईएनटीकडे जायचं. तिशीपुढच्या लोकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातपण होते, फुकट, नुसतं जाऊन सांगावं लागतं.

मामीला मी हे सगळं एका दुपारी समजावलं, वहीतला तक्ता दाखवून. ती म्हणाली, "म्हणजे ह्यांचं काही चोरून वगैरे नव्हतं." मी म्हटलं, मामी, चार-पाच सिगरेटी पुरतात, काही जणांना पुरतात, आणि मामा त्यातला असेल. तिने तो कागद ठेवून घेतला. पुढे कोणीतरी पाहुण्यांनी परत तोच विषय काढला तेव्हा तिने त्यांना म्हणे चांगलं सुनावलं.

पण मामेभावाने तोच कागद बघून वेगळाच प्रश्न विचारला. तोपण ओढतो. म्हणाला, "ताई, माझ्यात बाबांचेच जीन्स असतील तर आता सोडून तरी काय फायदा, जे व्हायचं ते होणारच." मी त्याला तिथेच पुढचा चौकोन काढून दाखवला. मामाकडे समजा जीएसटीएम१ नव्हताच, तर त्याच्याकडून याला रिकामी जागा आली. पण दुसरी कॉपी मामीकडून आलीय, ती असेलही, म्हणजे बापाला झालं म्हणून मुलाला होणारच असंही नाही. आणि समजा नसली, वाईटात वाईट धरलं, तरी सिगरेट बंद झाली की त्या रिकाम्या जागेला करायला काही उरत नाही. सोडल्यानंतर पाच ते दहा वर्षांत तोंड-घशाच्या कॅन्सरची जोखीम निम्म्यावर येते आणि पुढेही उतरत जाते, आणि तो आत्ता एकतीसचा आहे.

तो म्हणाला आता दिवसाला दोनवरच आलोय. मी त्याला जपानवाला अभ्यास परत सांगितला, कमी डोसवाला, जरा चिडूनच सांगितला. मग त्याने माझ्यासमोर १८००-११-२३५६ ला फोन लावला, तंबाखू सोडण्यासाठीची ही राष्ट्रीय लाइन आहे, पाकिटावर छापलेली असते, फुकट आहे. पलीकडच्या बाईंनी त्याला कधी पहिली लागते, चहाबरोबर की आधी, घरात आणखी कोण ओढतं, असं सगळं शांतपणे विचारलं आणि सोडायची तारीख त्यालाच ठरवायला लावली. त्यांचा फॉलो-अपचा फोन येत्या शुक्रवारी येणार आहे. मीपण त्या दिवशी त्यांच्याकडेच असेन, मामीने जेवायला बोलावलंय.